जळवांचे मोजे

शीर्षक वाचून सरसावून बसला असाल तर जरा मागे टेका. वर्षावनाची गोष्ट म्हटल्यावर तुम्हाला वाटणार, आता अजगर येईल, बिबट्या येईल, निदान एखादी जळू तरी कुणाच्या पोटरीला चिकटेल. डोळ्यांसमोर काही येत नाही. या गोष्टीत दिसणारं जनावर म्हणून एकच आहे, ते माकड आहे, आणि तेही लखनऊचं. जंगल मी स्वतः आजपर्यंत बघितलेलं नाही. मी बघितला तो जंगलाला निघालेला माणूस. निघालेला म्हणजे कसा, महिनोन्महिने नुसता निघतच होता.

मी बार्शीचा. तेव्हा नोकरी अमौसीला, विमानतळावर. काउंटरमागे उभं राहून लोकांच्या बॅगा वजन करायच्या आणि ‘सर, दो किलो ज़्यादा है’ म्हणून शिव्या खायच्या, हे काम. राहायला इंदिरा नगरात, एका मराठी जोडप्याच्या घरात वरच्या खोलीवर. घरमालक म्हणजे आमचे काका. मूळ अकोल्याचे, पण एका सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये उभी हयात लखनऊला काढलेली. स्टोअर्समधला माणूस म्हणजे काय, ते मला आधी माहीत नव्हतं. एक स्क्रू द्यायच्या आधी तीन सह्या घेतो, आणि दिल्यावर तो स्क्रू सुखात आहे का हे बघायला जातो, तो स्टोअर्समधला माणूस.

खोली बघायला गेलो त्या दिवशी काका दोनदा खाकरले. हं, हं. मग म्हणाले, “एक मिनिट. मुद्दा समजून घे. तीन दिवस राहून बघ. हे ट्रायल. चौथ्या दिवशी तू सांग, मग आम्ही सांगू, मग फायनल.”

तीन दिवसांत त्यांनी मी किती बादल्या पाणी वापरतो, जिन्यावर पाय कसा टाकतो, आणि दार ओढतो का आपटतो, सगळं वहीत लिहिलं. मी पास झालो. शेरा होता, ‘मुलगा बरा. तोंडाचा चालू.’

सगळ्याच गोष्टींचं असं. दारावर सब्जीवाला आला की काका एक टिंडा घेणार. एकच. तो शिजवून, खाऊन, दुसऱ्या दिवशी पाव किलो. सब्जीवाला गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचा, “अंकल जी, आज सैंपल है कि फाइनल?” आणि काका गेटवरून गंभीरपणे, “आज सैंपल.” गल्लीतल्या सगळ्या बायका खिडकीत येऊन हसायच्या. काकांना वाटायचं, त्या शिस्त बघायला येतात.

फोनवर तर विचारूच नका. खाकरणार दोनदा. “नमस्कार. मैं लखनऊ से बोल रहा हूँ. आवाज़ आ रही है? कितने परसेंट आ रही है?” समोरचा बिचारा म्हणणार, आ रही है. “नहीं, परसेंट में बताइए.” ऐंशीच्या खाली आकडा आला की फोन ठेवून, गच्चीवर जाऊन, पुन्हा लावणार. फोनचा पासवर्ड विसरू नये म्हणून फोनच्याच पाठीवर चिठ्ठी लिहून चिकटवलेली. मी म्हटलं, “काका, मग पासवर्डचा उपयोग काय?” म्हणाले, “काहून? पासवर्ड आहे ना? मग झालं तर!”

आता माझं सांगतो. शाळेत असल्यापासून मला एक वाईट खोड आहे, दिसला माणूस की त्याचा आवाज काढायचा. बार्शीत हेडमास्तरांचा काढला, हातावर छड्या खाल्ल्या. अमौसीला मॅनेजरचा काढला, महिनाभर पहाटेची ड्यूटी लागली. काकांचा आवाज तर असा होता की न काढणं पाप. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंसमोर उभा राहायचो. “एक मिनिट. मुद्दा समजून घे. पोळी फुगली हे खरं. पण रेकॉर्डवर आहे का?” काकू लाटणं हातातच ठेवून हसायच्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मग एकदम गप्प होऊन म्हणायच्या, “पुरे रे. माणूस चांगला आहे.”

काकू शाळेत शिकवायच्या. तेलीबागेत, सहावी ते आठवी, विज्ञान. अठ्ठावीस वर्षं त्यांनी फळ्यावर वर्षावनाचं चित्र काढलं. खाली जमीन, त्यावर झुडपं, त्यावर पानांचं छप्पर, त्याच्याही वर डोकं काढलेली उंच झाडं, आणि सगळ्यात वर पिवळा सूर्य. “हिरवा खडू त्या एका तासात संपायचा,” त्या मला सांगायच्या. “पोरांना सांगायचे, खाली जमिनीवर दुपारी बाराला संध्याकाळ असते. एकदा एक पोरगी उठून विचारते, मैम, आपने देखा है? मी म्हटलं, अगले साल. ती पोरगी आता दोन लेकरांची आई आहे.”

त्यांचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या वर्षी बदलायचेच, तोवर चढउतार करायचा तो करून घ्या. म्हणजे हा एकच पावसाळा हातात होता. कर्नाटकच्या घाटातलं एक होमस्टे ठरलं, दारातच वर्षावन, मालक स्वतः फिरवतो. जुलैची तिकिटं काढली. काकूंनी चालायचे बूट आणले. आयुष्यातले पहिले.

आणि काका तयारीला लागले.

“तयारी म्हणजे अर्धा प्रवास,” हे काकांचं वाक्य. काकू त्यावर म्हणायच्या, “हो ना, आणि आमचा तेवढाच होतो.” खोटं नव्हतं. सुंदरबन ठरलं होतं, तेव्हा बोट लागू नये म्हणून काका महिनाभर झोपाळ्यावर बसून जेवत होते. झोपाळ्याची कडी निसटली, कंबर धरली, सुंदरबन रद्द. लडाखच्या वेळी विरळ हवेची सवय म्हणून श्वास रोखून जिना चढायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आंटींना जिन्यात बसलेले सापडले, जांभळे पडलेले. लडाख रद्द. अंदमानचं तर मला धड कळलंही नाही, त्यात एक टब आणि एक छत्री होती एवढंच काकू सांगायच्या आणि कपाळावर हात मारायच्या.

यंदाची तयारी मी डोळ्यांनी बघितली. बघितली कसली, भोगली.

मे महिना. बाहेर लू अशी की ओठ तडकतात. काका म्हणाले, शरीराला दमट हवेची सवय पाहिजे. त्यांनी बैठकीच्या सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत टॉवेल कोंबले आणि कूलर खिडकीतून काढून आत ओढून चालू केला. ज्यांनी कूलर वापरलाय त्यांना कळेल. खिडकी उघडी ठेवली तर गारवा. बंद केली तर अर्ध्या तासात खोलीत माणसं उकडून निघतात, मोदकासारखी. मधल्या टेबलावर काकांनी बशीत मीठ ठेवलं. “मीठ पाझरलं की जंगल सुरू झालं समज.”

एका सोफ्यावर काका: रेनकोट, टोपी, गळ्यात शिट्टी, पायात जळवांचे मोजे. समोर मी, सहप्रवासी म्हणून, रोज दोन तास, ड्यूटीवरून आल्या आल्या. जळवांचे मोजे म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या जाड मांजरपाटाच्या पिशव्याच, वर नाडी. जळू आत शिरू नये म्हणून हे तंबाखूच्या पाण्यात भिजवतात. काकांनी काकूंकडून सात जोड्या शिवून घेतल्या होत्या. बंद खोली, चालू कूलर आणि तंबाखूत मुरलेले चौदा मोजे. मी बार्शीच्या एसटी स्टँडवरच्या मुतारीतसुद्धा इतका वेळ श्वास रोखला नव्हता.

“काका, आपण लखनऊत बसून घामाघूम होतोय. हे तर बाहेर गल्लीतही फुकट होतं!”

“बाहेर कोरडा घाम. हा ओला. फरक समजून घे.”

“आणि मी तर येतच नाहीये जंगलात!”

“म्हणूनच तुझ्यावर ट्रायल. बिघडलास तरी ट्रिपला धक्का नाही.”

आठव्या दिवशी काकू एक डबा घेऊन आल्या. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून ठेवलेल्या कुरडया. बैठकीतल्या दिवाणाखालच्या डब्यातल्या कुरडया मऊ पडून त्यांवर हिरवी बुरशी आली होती. त्यांनी डबा काकांच्या मांडीवर ठेवला. “घ्या. उगवलं तुमचं जंगल.”

कुणी दुसरा असता तर लाजला असता. काकांनी भिंग आणलं. दोन मिनिटं कुरडईकडे बघितलं आणि आनंदानं म्हणाले, “म्हणजे ट्रायल यशस्वी!”

विमान परवावर आलं. त्या सकाळी काकांनी मोजे शेवटचे वाळायला गच्चीवर टाकले. मी तिथेच दात घासत होतो. पाण्याच्या टाकीवरून एक माकड उतरलं, चौदा मोज्यांवरून नजर फिरवली, एक उचलला आणि शेजारच्या गच्चीवर जाऊन बसलं. लखनऊतल्या माकडांचा एक व्यवहार असतो. चष्मा, चप्पल काही उचललं तर केळं द्या, वस्तू परत मिळते. काकांनी केळं दिलं. माकडानं खाल्लं. दुसरं दिलं. खाल्लं. तिसरं दिलं. तेही खाल्लं, मोज्याचा वास घेतला, शिंकलं, आणि मोजा घेऊनच निघून गेलं.

काका खाली आले. चेहरा असा की स्टोअर्सला आग लागलीये.

“साडेसहा जोड्या राहिल्या.”

“अहो, आत्ता शिवते,” काकू म्हणाल्या. “अर्धा तास लागेल. कापड आहे.”

“कापड दुसऱ्या ताग्यातलं. आणि नवा मोजा तीनदा धुवायचा, एक रात्र तंबाखूत, दोन दिवस ऊन. ट्रायल न झालेला मोजा जंगलात नेता येत नाही. एक मिनिट, मुद्दा समजून घे…”

“अहो, सात दिवस तर आहोत तिथे! एक धुतला की दुसरा!”

काकांनी फोन घेतला, दोनदा खाकरले, परसेंट विचारलं, आणि होमस्टेच्या मालकाला सांगितलं की यंदा जमत नाही, पुढच्या मोसमात येऊ. मग फोन चार्जिंगला लावून वही घेतली आणि पुन्हा गच्चीवर गेले. पंचनामा करायला. संध्याकाळी जाऊन तिकिटं बदलून आणतो, असं जिन्यातूनच सांगितलं.

काकू भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी बॅगेतून ते बूट काढले, खोक्यातल्या पातळ कागदात गुंडाळले, खोक्याला सुतळी बांधली आणि मला म्हणाल्या, “वर माळ्यावर ठेव रे. मला चढवत नाही.”

मी खोकं माळ्यावर ठेवलं. खाली उतरलो. काकांचा फोन समोर. पासवर्ड पाठीवर. गच्चीवरून काकांच्या पावलांचा आवाज येत होता, मोजून टाकलेली पावलं.

मी फोन घेऊन वरच्या खोलीत गेलो आणि खाकरलो. “नमस्कार. मैं लखनऊ से बोल रहा हूँ. आवाज़ आ रही है? कितने परसेंट?”

“सर, अभी तो आपने मना किया ना?”

“एक मिनट. मुद्दा समझिए. वो ट्रायल था. अब फाइनल है. हम आ रहे हैं.”

वर जळवांबद्दल तीन प्रश्न विचारले, खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं, चार मिनिटं बोललो, आणि फोन जागेवर लावून ड्यूटीला निघून गेलो. रस्ताभर स्वतःवर इतका खूश होतो की मेट्रोत एकटाच हसत होतो.

काका तिकिटं बदलायला निघण्याआधीच मालकाचा फोन आला. मी तोवर परतलो होतो. जीप किती वाजता पाठवू, असं तो विचारत होता. काका म्हणाले, आम्ही तर रद्द केलंय. फोन स्पीकरवर होता. पलीकडून मालक हसून म्हणाला, “सर, आपने ही तो दोबारा फोन किया. बोले, वो ट्रायल था, अब फाइनल है.”

काकांनी फोन ठेवला. फोनची यादी उघडली. अकरा चाळीस, चार मिनिटं. रेकॉर्डवर होतं. काका रेकॉर्डकडे बघत राहिले.

“मी केला होता का गं?”

काकूंचा चेहरा उजळला होता. “तुम्हीच. असं बोलतं कोण दुसरं?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. ते म्हणाले, “बरं. साडेसहा तर साडेसहा.” बस, एवढंच. मी माळ्यावर चढलो आणि खोकं खाली काढलं.

निघायच्या दिवशी अमौसीला ते माझ्याच काउंटरवर आले. मी तयारीत होतो की आता काका बॅग चार वेळा वजन करायला लावणार, वजनकाट्याचं सर्टिफिकेट मागणार, मागची रांग बोंबलणार. काकांनी बॅग ठेवली, तिकिटं दिली आणि गप्प उभे राहिले. एकही प्रश्न नाही. शर्टाच्या खिशाला एक चिठ्ठी टाचलेली, त्यावर स्वतःचं नाव, घरचा पत्ता आणि काकूंचा नंबर. मी म्हटलं, “काका, खिडकीची सीट देऊ?” म्हणाले, “तू ठरव. माझं काही खरं नाही.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मागे रांग होती, माझी सुपरवायझर शेजारी उभी होती, ही झाली कारणं. खरं म्हणजे तोंड उघडलंच नाही. ज्या तोंडातून कुणाचाही आवाज निघतो त्यातून माझा निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी काकूंचा व्हिडिओ कॉल आला. मागे नुसतं हिरवं, आणि अंधार, आणि पाण्याचा आवाज. “अरे, दुपारचे बारा वाजलेत, बघ! संध्याकाळ आहे संध्याकाळ! आणि मी सूर्य चुकीचा काढत होते रे इतकी वर्षं. इथून तो दिसतच नाही. नुसते ठिपके पडतात खाली, नाण्यांएवढे.” त्या लहान मुलीसारख्या बोलत होत्या. त्यांच्या मागे काका एका ओंडक्यावर बसले होते, मोज्यांत. वर बघत नव्हते, खाली बघत नव्हते. ओठ हलत होते. मी कान दिला. “एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी…”

“काका काय करतायत?”

“कुणास ठाऊक. आल्यापासून पाढे म्हणतायत. आणि सकाळी काय खाल्लं ते वहीत लिहून संध्याकाळी मला विचारतात, बरोबर का.”

त्या दिवशी मी जेवलो नाही.

ते परत आले त्या संध्याकाळी काका जिना चढून माझ्या खोलीत आले. एरवी खालूनच हाक मारायचे, त्यांच्या मते जिना गरज असेल तरच वापरायचा. दार लावून घेतलं. फोन काढून ती नोंद दाखवली. अकरा चाळीस. जपून ठेवली होती.

“हिला सांगू नको. चार मिनिटं बोललो मी, त्यातला एक शब्द आठवत नाही. माझ्या वडलांचं असंच सुरू झालं होतं, बापा. आधी फोन, मग घरचा रस्ता, मग आम्ही. डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं आहे. तू सोबत चल.”

मला माझ्या आवाजात बोलताच येईना. मी खाकरलो, आणि म्हटलं, “नमस्कार. मैं लखनऊ से बोल रहा हूँ. आवाज़ आ रही है? कितने परसेंट?”

काका हळूच पलंगावर बसले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग दार उघडून ओरडले, “अगं ए! वर ये!” त्या गुडघ्यांनी काकू एक एक पायरी करत वर आल्या, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या सोडवतील. त्यांच्यासाठीच तर केलं होतं, आणि मी तसं म्हटलंही.

“माझं नाव घेऊ नको!” काकू म्हणाल्या. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता, आणि तो मी आजवर काढलेलाही नाही. “मला जंगल बघायचं होतं. ह्यांना असं भेदरलेलं बघायचं नव्हतं. मला विचारलंस? एकदा तरी? माणूस रात्रंदिवस पाढे म्हणत होता शेजारी, आणि मी मूर्ख, झाडं मोजत होते! आवाज काढतोस ना लोकांचे? मग लोकांना काय होतं तेही काढ की बाहेर! गाढवा!”

त्या दम घ्यायला थांबल्या तेव्हा काका उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल होता, पण पाठ पुन्हा सरळ झाली होती, बोटही वर आलं होतं.

“एक मिनिट. मुद्दा समजून घे. सात दिवस मी जंगलात होतो. काय बघितलं? काही नाही! एक झाड सांगता येत नाही मला. जळू चावली तेसुद्धा हिनं सांगितलं तेव्हा कळलं. जंगल माझं बुडवलंस तू, हरामखोरा. भरून द्यायचं. हिचं बघून झालंय, आणि हिचे गुडघे पुढच्या वर्षी बदलायचेत. तू यायचं. पुढच्या पावसाळ्यात. उद्या सहा वाजता खाली बैठकीत, मोजे घालून, रोज दोन तास. खिडक्या मी लावून ठेवतो.”

“काका…”

“मध्ये बोलू नको! आणि दुसऱ्याचा आवाज काढायचा तर नीट काढ. मी दोनदा खाकरतो. तू एकदाच खाकरलास. तयारी नाही, काही नाही, घेतला फोन अन् लागला बोलायला!”